दोन बोटांची गाडी

"मूठ आवळू नकोस," मिसेस विल्मट खिडकीशी वाकून म्हणाल्या. "नुसती दोन बोटं टेकव. माझ्या नवऱ्याला शेवटी शेवटी मूठ आवळताच येत नव्हती."

इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात, त्यांच्या दारातल्या खडीवर उभ्या असलेल्या त्या राखाडी गाडीत मी बसले होते. स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला एक काळा दांडा बसवलेला होता. पुढं ढकलला की ब्रेक, आपल्याकडं ओढला की वेग. गिअर आपोआप पडायचे. खाली पेडल होती, पण त्यांना पाय लावायची गरज नव्हती. मी मुद्दाम दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. दोन बोटं दांड्यावर ठेवली, आणि पिकल्या सीताफळाचा देठ काढावा तितक्या हलक्या हातानं ओढलं.

गाडी निघाली. खडी चाकांखाली करकरली. फाटकापाशी मी दांडा पुढं केला, ती थांबली. मी तिथंच रडायला लागले.

मिसेस विल्मट धावत आल्या. त्यांना वाटलं, मी फाटकाला धडक दिली.

"काही नाही," मी म्हणाले. "चालते."

"चालणारच. त्यानं ती फार वापरलीच नाही." त्या सत्तरीच्या पुढच्या होत्या, अंगात नवऱ्याचा स्वेटर होता. "मुद्दाम बसवून घेतला हा दांडा. दोनदा समुद्रावर जाऊन आला, मग पडूनच राहिला. तुझ्या भावाचं वय काय म्हणालीस?"

"एकोणतीस."

"आणि हात?"

"हात चांगले आहेत. मोबाईल दुरुस्त करतो. मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू बसवतो."

"मग ने ही," त्या म्हणाल्या. "अशी दारात उभी पाहवत नाही मला."

मी मिरजेची. आमच्या मिशन कंपाउंडमधल्या कितीतरी मुली नर्स झाल्या, तशी मीही झाले. आधी मुंबई, मग इंग्लंड. लग्न केलं नाही. आई लवकर गेली. घरी पपा, म्हणजे योहान लोंढे, दवाखान्याच्या औषधखात्यातून निवृत्त झालेले, आणि माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेला शांतवन. त्याला स्नायूंचा आजार होता. आधी जिना चढताना गुडघ्यावर हात टेकायला लागला, मग पडायला लागला. कॉलेजची दोन वर्षं झाली तेव्हा तो चाकाच्या खुर्चीत बसला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पायांनंतर हातांची पाळी येईल; पण कधी, ते कुणी सांगू शकत नव्हतं. "हात पुष्कळ वर्षं साथ देतील," असं एकानं म्हटलं होतं. तेवढं वाक्य आम्ही धरून ठेवलं होतं.

घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. बाहेर कुठं जायचं झालं तर शेजारचा बशीर त्याला उचलून रिक्षात बसवायचा. बशीर रिक्षा चालवायचा. शाळेपासून दोघं एका बाकावरचे. लग्न असो, चर्च असो, दाढदुखी असो, शांतवन बशीरच्या हातांवरून जायचा आणि बशीरच्या हातांवरून यायचा.

एकदा सुट्टीवर गेले असताना मी त्याला विचारलं होतं, "तुला तिकडून काय आणू?"

तो कुणाचा तरी फोन उघडून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मला एकटं जायचंय."

"कुठं?"

"कुठंही. नऊ वर्षं झाली, मी एकटा नाही झालो, अक्का. संडासातसुद्धा नाही. पपा दाराशी उभे असतात. त्यांचा काही दोष नाही. पण कुणी न उचलता मी बाहेर पडावं, दार लावून घ्यावं आणि जावं. सोबत कुणी नको. एकदाच."

मग पुन्हा स्क्रू फिरवायला लागला, जणू साखर आण म्हणून सांगितलं होतं.

पुण्यात एक माणूस गाड्यांना तारा जोडून हातानं चालवण्याची सोय करून द्यायचा. बशीर आणि पपा त्याला तिथं घेऊन गेले. पण त्या कारागिराच्या दांड्याला दोन्ही हातांचा जोर लागायचा, आणि शांतवनच्या हातांत कसब होतं, जोर नव्हता. त्याला हलका दांडा हवा होता. म्हणून मी इंग्लंडात शोधत राहिले. आपल्याकडं जुनी गाडी न्यायची तर ती तीन वर्षांच्या आतली हवी, स्टिअरिंग उजवीकडं हवं. मिसेस विल्मटची गाडी दोन्ही बाबतींत बसत होती. एवढी नवी गाडी, असा दांडा, आणि ती माझ्या हाती यावी. मला ते प्रार्थनेचं उत्तर वाटलं. पपांनाही वाटलं. त्यांनी फोनवर स्तोत्राची एक ओळ म्हटली.

गाडी बोटीवर चढली तेव्हा मी शांतवनला कळवलं.

"रंग कुठला?" त्यानं विचारलं.

"राखाडी."

"बरं झालं. धूळ दिसणार नाही." आणि मग म्हणाला, "मी सराव सुरू केलाय. पपांनी भिंतीला केरसुणीचा दांडा बसवून दिलाय, स्प्रिंग लावून. रोज शंभर वेळा ओढतो."

बोट मुंबईला लागली आणि तिथून पुढं सगळं थांबलं.

अपंगांसाठी बनवलेल्या गाडीला आयातकरात सवलत होती, आणि त्या सवलतीशिवाय ती सोडवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पण तपासणीला आलेल्या कस्टमच्या साहेबांनी दार उघडून आत पाहिलं आणि माझ्या एजंटाला विचारलं, "ह्यात पेडल आहेत. मग ही अपंगाची कशी?"

एजंटाचं नाव तेरेदेसाई. बंदरात माल सोडवण्यात केस पांढरे झालेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. मी महिनाभराची रजा काढून आले तेव्हा त्यांनी मला समोर बसवून चहा मागवला.

"बाई, गाडी कंपनीतून निघाली ती साधी गाडी म्हणून. कागदावर ती साधीच आहे. दांडा नंतर बसवलेला. तो बसवणाऱ्याचं प्रमाणपत्र लागेल."

"त्याचं बिल आहे ना."

"बिल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे."

दांडा बसवणारा कारागीर इंग्लंडात एका शेडमध्ये काम करायचा. मी त्याला फोन केला. भला माणूस, त्यानं दुसऱ्याच दिवशी लिहून पाठवलं. साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, ह्याला प्रमाणपत्र द्यायचा अधिकार आहे हे कुणी प्रमाणित केलंय? मग ते झालं. मग कागद दिल्लीला गेले, कारण असं प्रकरण इथं कुणी पाहिलेलं नव्हतं आणि निर्णय कुणी करायचा हेच ठरलेलं नव्हतं.

मी साहेबांना भेटले. लग्नाच्या स्थळासाठी फोटो द्यावा तसा मी शांतवनचा फोटो त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो हातात घेऊन नीट पाहिला.

"मॅडम, माझ्या चुलतभावाला पोलिओ आहे," ते म्हणाले. "मला कळतं. मी काही अडवून ठेवत नाहीये. पण मी सही केली आणि उद्या कुणी विचारलं की कुठल्या नियमाखाली केली, तर मी काय सांगू? वरून येऊ द्या. आलं की एक दिवस थांबवणार नाही."

मला त्यांचा राग येईना. तेच वाईट होतं. बाहेर आल्यावर मी तेरेदेसाईंना म्हणाले, "कुणाशी भांडू तेच कळत नाही."

"इथं तुमच्या विरोधात कुणी नाही," ते म्हणाले. "म्हणून तर काम होत नाही. विरोध असता तर तो मोडता आला असता."

त्यांनी मला गाडी दाखवायला नेलं. उघड्या आवारात, दोन गंजक्या क्रेनच्या सावलीत ती उभी होती. टपावर कावळ्यांची घाण, काचेवर धुळीचा थर. कुणीतरी बोटानं काचेवर स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं. दांडा आत तसाच होता.

त्या रजेत मी दोन दिवस मिरजेला जाऊन आले. शांतवननं मला भिंतीवरचा केरसुणीचा दांडा ओढून दाखवला. जीभ दातांत धरून, लहानपणी चित्र काढताना धरायचा तशी. बशीर मागं उभा राहून म्हणाला, "बघ की अक्का, उद्या हा माझी रिक्षा बंद पाडणार."

रजा संपली, मी परत गेले. हिवाळा आला. दर रविवारी फोन व्हायचा. तेरेदेसाई म्हणायचे, फाईल हलली. मग म्हणायचे, फाईल परत आली, एक शंका काढलीय. शंकेचं उत्तर जायचं. शांतवन मात्र कधी कुरकुरला नाही. कंटाळलो म्हणाला नाही. मी गप्प झाले की तोच मला उभारी द्यायचा: "अक्का, सोडू नकोस हं. मी थांबलोय." एकदा म्हणाला, दुकान बंद केलंय. लोक हल्ली फोन दुरुस्तच करत नाहीत, नवा घेतात. मला ते खरं वाटलं. तिकडंही लोक तसंच करत होते.

दुसऱ्या वर्षीचा पावसाळा सरला तेव्हा तेरेदेसाईंचा फोन आला. मंजुरी आली होती.

मी रजा मागितली, मिळाली नाही. मी नोकरी सोडली. वॉर्डातल्या सिस्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, नीट विचार केलायस ना? मी म्हणाले, विचार करण्यासारखं काही नाही. आता मागं पाहते तेव्हा वाटतं, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस असावा.

साहेबांनी शब्द पाळला. एक दिवस थांबवलं नाही. गाडीला नवी बॅटरी घातली, चाकं बदलली, धुऊन काढली. नंबर आणि बाकीचे सोपस्कार आटोपल्यावर मी एकटीनं ती मुंबईहून मिरजेला आणली, आणि पायांनी नाही, दांड्यानं. घाटातसुद्धा. मी पेडलला पाय लावला तर ती त्याची राहणार नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं.

कंपाउंडच्या फाटकाशी लोक जमले होते. पाळकसाहेब होते, चर्चमधल्या बाया होत्या, बशीर होता, बशीरची आई होती. पाळकसाहेबांनी बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना केली. बशीरच्या आईनं गाडीवरून लिंबू उतरवून टाकलं. सगळे हसले. मी हसतच ओट्यावर चढले.

शांतवन दारात खुर्चीत बसला होता. पांढरा सदरा, केस नीट विंचरलेले. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, तळवे वर करून, कुणीतरी ठेवून दिल्यासारखे.

मी नर्स आहे. मला विचारावं लागलं नाही. आपले हात आपण तसे ठेवत नाही.

मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मागं सगळं अंगण उभं होतं.

"आलीस?" तो म्हणाला. "राखाडी छान आहे."

"हो," मी म्हणाले. "धूळ दिसत नाही."

मी खाली वाकून त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. आत गेले तर भिंतीवर चार खिळ्यांची भोकं होती. केरसुणीचा दांडा नव्हता. पपा माझ्या पाठोपाठ आले.

"रंग द्यायचा म्हणून काढलाय," ते म्हणाले. खोलीला रंग दिलेला नव्हता. संध्याकाळी त्यांनी शांतवनला घास भरवला आणि आम्ही तिघं गाडी लिटरला किती जाते ह्याबद्दल बोललो.

दोन दिवसांनी शांतवन म्हणाला, "अक्का, बशीरला बोलाव. कवलापूरला जाऊ."

कवलापूरजवळ विमानांची एक जुनी धावपट्टी होती. विमानं उतरायची केव्हाच बंद झाली होती. डांबराच्या फटींतून गवत आलेलं, आणि आमच्या भागातली पोरं तिथं गाडी शिकायला जायची. त्या सकाळी तिथं कुणी नव्हतं. लांब एक धनगर मेंढरं घेऊन चालला होता, तेवढाच.

बशीरनं शांतवनला उचलून ड्रायव्हरच्या जागेवर ठेवलं. पट्टा बांधला. पाठीमागं उशी दिली. मी शेजारी बसले. शांतवनचा उजवा हात मी उचलून दांड्यावर ठेवला, तर्जनी आणि मधलं बोट वर, अगदी मिसेस विल्मटनी मला शिकवलं होतं तशी.

"ओढ," मी म्हणाले.

त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. त्यानं जीभ दातांत धरली. दांडा हलला नाही. बोटं त्यावरून घसरून खाली पडली. मी ती पुन्हा वर ठेवली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मी ठेवायला गेले तर तो म्हणाला, "राहू दे."

ह्या गाडीचं एक होतं. गिअर टाकला आणि ब्रेक सोडला की काही न करतासुद्धा ती आपली आपण पुढं सरकायची, चालत्या माणसाच्या वेगानं. मी त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, बाजूनं गिअर टाकला आणि हँडब्रेक खाली केला.

गाडी निघाली. समोर लांबच लांब धावपट्टी. बशीर बाहेरून बरोबरीनं चालत होता, आणि टाळ्या वाजवत होता.

"शांतू, चाललीय बघ!" मी म्हणाले.

"ती आपोआप चाललीय, अक्का."

"पण सांभाळतोयस तू. वळवायची तुझ्या हातात आहे."

तो समोर बघत होता. "वळण कुठाय?" तो म्हणाला.

आम्ही तसेच धावपट्टीच्या मध्यापर्यंत गेलो. मग मी हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.

"एक कर," शांतवन म्हणाला. "तुम्ही दोघं जा. लांब जा. मला थोडा वेळ बसू दे हितं."

"एकटा?"

"होय. तेवढं तर होईल की."

मला एकदम हलकं वाटलं. त्याला हवं होतं ते हेच तर होतं. चालवणं नव्हे, एकटं असणं. आणि ते मी त्याला देऊ शकत होते. मी त्याच्या खिडकीची काच खाली केली. बशीरनं त्याचा हात उचलून स्टिअरिंगच्या मधोमध ठेवला.

"काय लागलं तर हॉर्न दे," बशीर म्हणाला. "पळत येतो."

"जा रे," शांतवन हसून म्हणाला.

आम्ही चालत धावपट्टीच्या कडेच्या बाभळीखाली जाऊन बसलो. तिथून गाडी हातभर दिसत होती. आत त्याचं डोकं दिसत होतं, ताठ. मी बघत राहिले. तो कुठं बघत असेल, काय विचार करत असेल, ते मला कळणार नव्हतं, आणि त्याचंच मला बरं वाटत होतं.

बशीर गवताची काडी चावत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यानं गाडीकडं पाहिलं. मग म्हणाला, "मागच्या दिवाळीपर्यंत ओढत होता की. शंभर नाही, पण वीस-पंचवीस वेळा ओढायचा. नाताळात हातातनं स्क्रू ड्रायव्हर पडायला लागला. मग एक दिवस म्हणाला, बशीर, हे भिंतीवरनं काढ."

मागच्या दिवाळीत गाडी क्रेनच्या सावलीत उभी होती. फाईल दिल्लीत होती.

"मला का नाही सांगितलंत? दर रविवारी मी फोन करत होते. तुझ्याशी बोलत होते, पपांशी बोलत होते."

"शपथ घातली होती त्यानं. पपांना बायबलवर हात ठेवायला लावला. मला आईची घातली."

"पण का? मी नोकरी सोडून आले, बशीर. त्या गाडीसाठी."

"त्याच्यासाठीच," बशीर म्हणाला. "तो म्हणायचा, अक्काला गाडी सोडवायला येऊ दे. मला बघायला ये म्हटलं तर रडत येईल. गाडी घेऊन येईल तर हसत येईल." त्यानं काडी थुंकली. "एकदा तरी तुला हसत आलेली बघायचं होतं त्याला. तू दर वेळी आलीस की त्याच्याकडं कशी बघायचीस, तुला म्हाईत नाही, अक्का. आम्ही बघितलंय."

मी गाडीकडं पाहिलं. फाटकाशी उभी राहून हसत होते ती मी मला आठवले. ऊन चढत होतं. बाभळीची सावली आमच्या पायांवरून सरकली तसे आम्हीही सरकलो. धनगर मेंढरं घेऊन दिसेनासा झाला. मध्येच बशीर म्हणाला, जाऊ या का? मी म्हणाले, बसू दे त्याला. इतक्या वर्षांनी एकटा बसलाय. हवं तेव्हा बोलावेल तो.

आणि खरंच, मला वाटलं, एवढ्यासाठी का होईना, ती गाडी समुद्र ओलांडून आली ते वाया गेलं नाही. मी मनातल्या मनात मिसेस विल्मटना पत्र लिहायला लागले होते.

शेवटी बशीरच उठला. आम्ही चालत गेलो. जवळ गेल्यावर मला शांतवनचं तोंड दिसलं. ऊन समोरच्या काचेतून थेट त्याच्या चेहऱ्यावर आलं होतं. डोळे बारीक झालेले, लाल, आणि त्यांतून पाणी वाहत होतं. हनुवटीवरून ते सदऱ्यावर ओघळून सदरा भिजला होता. मान एका बाजूला कलंडली होती आणि त्याला ती वळवता येत नव्हती.

मी दार उघडलं. त्याची मान सरळ केली, ओढणीनं तोंड पुसलं, वरची झडप खाली ओढून सावली केली.

"शांतू, अरे, हॉर्न द्यायचास ना!"

त्याचा हात अजून स्टिअरिंगच्या मधोमध होता, बशीरनं ठेवला होता तिथंच. तळवा सपाट पसरलेला. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

"केव्हाचा दाबतोय," तो म्हणाला.

माझी ओढणी त्याच्या गालावर तशीच राहिली.

मागून बशीर म्हणाला, "आला की रे आवाज. बारीक आला. मी अक्काला म्हटलं पण, शांतू बोलावतोय वाटतं. ती म्हणाली, नाही. वारं तिकडनं होतं ना, म्हणून नीट ऐकायला आलं नाही."

शांतवननं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"होय," तो म्हणाला. "वारं असेल."

बशीरनं वाकून त्याच्या काखेत आणि गुडघ्यांखाली हात घातले आणि त्याला उचललं. शांतवननं डोकं त्याच्या खांद्यावर टाकलं आणि डोळे मिटून घेतले. त्या सबंध माळावर गवताचं पातंसुद्धा हलत नव्हतं.